फौजीच्या पेटीतली कवितेची वही कशी वाचावी?

प्रश्न थोडक्यात असा: उदगीर तालुक्यातल्या एका घरात, वारलेल्या आजोबांच्या लोखंडी पेटीत साठ-सत्तर पानांची वही निघाली आहे. आजोबा पायदळात होते, १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांच्या वेळी नोकरीत. वहीत एक पोवाडा आहे, अभंगासारख्या काही रचना आहेत, सिनेमाची गाणी आहेत आणि मधेच उधारीचा हिशोब. नातीला एम.ए.च्या प्रकल्पासाठी ही वही घ्यायची आहे. मार्गदर्शकांनी ‘इंग्रजी युद्धकवींशी तुलना करा’ असं सुचवलंय. सुरुवात कुठून करायची, आणि तुलना नेमकी कशाशी?

तुलनेचं नंतर बघू. आधी वही हातातून खाली ठेवा.

पेटीतून जुना कागद निघाला की आपल्याकडे तो पहिल्यांदा उन्हात टाकतात. हे करू नका. फाउंटन पेनाची निळी शाई उन्हानं फिकी पडते आणि पाण्यानं पसरते. अक्षर पेन्सिलीचं असूनही जांभळट दिसत असेल तर ती शाईची पेन्सिल, म्हणजे कॉपिंग पेन्सिल. तिला ओलं बोट लागलं तरी अक्षराचा डाग होतो, म्हणून थुंकी लावून पान उलटायची सवय इथं घात करते. टाचण्या आणि स्टेपलच्या पिना गंजलेल्या असतील तर ओढून काढू नका. पिनेचे पाय मागून सुरीच्या बोथट टोकानं सरळ करायचे आणि मग पिन वर उचलायची. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा होतो, कागदात मुरतो आणि अक्षरही घेऊन जातो. लॅमिनेशन तर अजिबात नको, कारण ते परत काढता येत नाही. कसर लागली असेल तर मऊ ब्रशनं शिवणीकडून बाहेरच्या दिशेला झाडा. डांबराच्या गोळ्या ठेवायच्याच असतील तर पुरचुंडीत बांधून पेटीच्या कोपऱ्यात ठेवा, कागदाला टेकू देऊ नका. आपल्या जुन्या दप्तरांना रुमालात बांधायची रीत होती ती अजून उपयोगी आहे. मांजरपाट दोनदा धुऊन खळ घालवा, पूर्ण वाळवा आणि त्यात वही गुंडाळा. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात पेटीचा तवा होतो, तेव्हा पेटी आतल्या खोलीत, जमिनीपासून वीतभर वर आणि भिंतीला न टेकवता ठेवा.

मग फोटो. सकाळच्या वेळी खिडकीजवळ, पण थेट ऊन नाही अशा जागी. वही सपाट दाबू नका, शिवण तुटते. दोन्ही बाजूंना घडी केलेले टॉवेल लावून ती काटकोनापेक्षा थोडी जास्त उघडी ठेवा आणि एका वेळी एकच पान घ्या. मोबाईल पानाला समांतर धरा, शेजारी शाळेची पट्टी ठेवा, फ्लॅश बंद. स्कॅनर मिळत असेल तर शाईला ३०० डीपीआय पुरतात, पेन्सिलीला ६०० घ्या. अक्षर पुसट असेल तर टॉर्च पानाच्या कडेला आडवा धरून आणखी एक फोटो काढा. पेन्सिलीचा दाब उरलेला असतो आणि त्या तिरक्या उजेडात तो सावली टाकतो. कोरी पानंही घ्या, वरची-खालची पुठ्ठ्याची पानंही घ्या. वहीच्या पुठ्ठ्यावर छापखान्याचं नाव, किंमत, कधी कँटीनचा शिक्का सापडतो आणि तारखेचा पहिला पुरावा बरेचदा तिथंच असतो. फोटोंच्या तीन प्रती, त्यातली एक घराबाहेर. मूळ वहीवर काहीही लिहायचं नाही, पृष्ठांकसुद्धा नाही. पानांची यादी वेगळ्या कागदावर करा.

एवढं झालं की खरं काम सुरू होतं, आणि ते एका गोष्टीवर उभं आहे. सैनिकाच्या प्रत्येक कवितेला तीन तारखा असतात: प्रसंग घडल्याची, कविता लिहिल्याची, आणि हाती असलेल्या कागदावर उतरवल्याची. तिन्ही एकच धरल्या की प्रकल्प पहिल्याच प्रकरणात घसरतो. ‘गोळ्यांच्या वर्षावात लिहिलेली कविता’ हे वाक्य प्रस्तावनेत हमखास येतं आणि जवळजवळ हमखास चुकीचं असतं. मोर्च्यात, म्हणजे बंकरात, माणूस ओळ जुळवतो, मनात घोळवतो, फार तर पाकिटावर खरडतो. कविता पुरी होते ती दवाखान्यात, मागच्या तळावर, रजेच्या गाडीत किंवा पेन्शनीत.

पहिल्या महायुद्धातला इंग्रज सैनिक-कवी विल्फ्रेड ओवेन याचं उदाहरण घ्या, कारण त्याच्या तारखा पक्क्या आहेत. १९१७ च्या जानेवारीत फ्रान्समध्ये पाणी भरलेल्या एका खंदककोठडीत तो आपल्या माणसांसह तोफमाऱ्याखाली अडकला. पहाऱ्यावरचा शिपाई स्फोटानं आंधळा झाला. त्याच महिन्यात आईला लिहिलेल्या पत्रात हे आहे. त्यावरची ‘द सेंट्री’ ही कविता त्यानं त्या वर्षी एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट इथल्या लष्करी रुग्णालयात सुरू केली आणि ती पुरी झाली १९१८ च्या सप्टेंबरात. ४ नोव्हेंबर १९१८ ला साम्ब्र-वाझ कालव्यावर तो मारला गेला. तार घरी पोचली ११ नोव्हेंबरला, युद्ध संपल्याच्या दिवशी. पुस्तक निघालं १९२० मध्ये. म्हणजे प्रसंग, लेखन आणि छपाई यांत मिळून जवळजवळ चार वर्षांचं अंतर. त्या रुग्णालयात त्याला सीगफ्रीड ससून हा दुसरा सैनिक-कवी भेटला आणि ओवेनच्या मसुद्यांवर ससूनच्या हातचे बदल आहेत. ‘अँथम फॉर डूम्ड यूथ’ या सुनीताच्या (चौदा ओळींच्या कवितेच्या) नावात आधी ‘मेलेलं’ (डेड) तारुण्य होतं. ‘मरण लिहून ठेवलेलं’ अशा अर्थाचा ‘डूम्ड’ हा शब्द आला तो त्या दोघांच्या बोलण्यातून. जी कविता आपण काळजातून थेट उसळलेली म्हणून शिकवतो, ती खोडाखोड करून, दुसऱ्या कवीला दाखवून घडवलेली आहे.

उलट टोकाला त्याच युद्धातला कवी रूपर्ट ब्रूक. ‘द सोल्जर’ हे त्याचं सुनीत १९१४ च्या अखेरीचं. अँटवर्पच्या मोहिमेत तो गेला होता, पण खंदकातलं युद्ध त्यानं पाहिलंच नाही. २३ एप्रिल १९१५ ला तो ग्रीसच्या स्कायरॉस बेटाजवळ जहाजावर गेला, जखमेनं नाही तर रक्तात विष भिनून (सेप्सिसनं). एडवर्ड थॉमस या कवीच्या जवळपास सगळ्या कविता फ्रान्सला जाण्याआधी लिहून झालेल्या. १९१७ च्या एप्रिलात आरासला तो पडला. आणि युद्धस्मारकांपुढे दरवर्षी ज्या ओळी म्हटल्या जातात त्या लॉरेन्स बिन्यननं सप्टेंबर १९१४ मध्ये इंग्लंडात बसून लिहिल्या, पंचेचाळिशीत, साध्या नागरिकाच्या नात्यानं. सैनिकाची कविता आणि युद्धावरची कविता या दोन वेगळ्या पेट्या आहेत, हे ध्यानात ठेवा. मराठीत तर दुसरी पेटी भरलेली आणि पहिली जवळजवळ रिकामी. तुमची वही त्या रिकाम्या पेटीतली आहे, म्हणून तिच्याकडे एवढं निगुतीनं बघायचं.

आता वहीतल्या तारखा कशा काढायच्या ते बघा.

घरातले कागद एकत्र करा: डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), मनीऑर्डरीच्या पावत्या, पत्रं, पदकं. डिस्चार्ज बुकात भरती, युनिट, बढती, पदकं हे सगळं असतं. पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं, ते भिंगातून वाचा आणि ते आजोबांचंच आहे ना हे आधी ताडून पाहा. पदकं प्रदेश सांगतात. १९७१ चा पूर्वी स्टार म्हणजे बांगलादेशाची बाजू, पश्चिमी स्टार म्हणजे पश्चिम आघाडी. १९६५ साठी समर सेवा स्टार वेगळा आणि रक्षा मेडल वेगळं. रक्षा मेडल किंवा संग्राम मेडल एकटंच असेल तर माणूस नोकरीत होता एवढंच म्हणा, आघाडीवर होता असं त्यावरून लिहू नका. पत्रावरचं ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ हे लष्करी टपालाचे पत्ते आहेत. त्यावरून गावाचं नाव काढायला जाऊ नका, गाव कळू नये म्हणूनच ते असतात. पत्रातल्या तारखा मात्र वहीशी जुळवा. कागद अपुरे असतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, आणि वारसाच्या सहीनं त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला.

दुसरा पुरावा मजकुरातला. हत्यारं बघा. १९६२ च्या लढाईत आपल्या बहुतेक पायदळाच्या हातात जुनी थ्री-नॉट-थ्री रायफल होती, एसएलआर ही नवी रायफल त्यानंतर सगळीकडे पोचली. बासष्टच्या पोवाड्यात एसएलआर आली तर तो पोवाडा मागाहून रचलेला किंवा मागाहून ‘सुधारलेला’ समजा. तसंच घरचं. ओळीत सुकडी, खडी फोडणं, मिलोची (बाहेरून आलेल्या तांबड्या ज्वारीची) भाकरी आली की ती बहुधा १९७२ च्या दुष्काळातली किंवा नंतरची, मग वर शीर्षकात १९७१ का असेना. आणि हे दिसलं तर तो दोष मानू नका. मराठवाड्यातल्या शिपायाचं ते खास दुःख आहे: लढाई पंधरवड्यात आटपली आणि सीमेवरून मनीऑर्डर करून परतलेल्या माणसाला घरी विहिरी कोरड्या दिसल्या. उधारीचा हिशोब म्हणूनच वगळू नका. ज्वारीचा भाव, बी-बियाणाचे पैसे, बहिणीच्या लग्नाची उचल ही त्याच पानावरच्या कवितेची तारीख आहे आणि बरेचदा तिचा विषयही.

तिसरा पुरावा हात आणि शाई. एका कवितेत शाई बदलली, अक्षराचा तिरपेपणा बदलला की तिथं बैठक बदलली. सगळी वही एकाच शाईत, एकाच वळणात, खाडाखोडीशिवाय असेल तर ती स्वच्छ नक्कल आहे, बहुधा निवृत्तीनंतर केलेली. तेव्हा तिसरी तारीख वेगळी नोंदवा.

मग प्रश्न येतो: यातलं त्यांचं स्वतःचं किती? फौजींच्या वह्या बऱ्याच अंशी उतारे असतात. रेडिओवर ऐकलेलं, बडाखान्याच्या, म्हणजे पलटणीच्या एकत्र जेवणाच्या रात्री कुणी म्हटलेलं, सोबत्याच्या वहीतून घेतलेलं. ‘जिंकू किंवा मरू’ सापडलं तर ते ग. दि. माडगूळकरांचं, १९६३ च्या ‘छोटा जवान’मधलं. असं सहज ओळखू येतं ते सोपं, अडतं ते शाहिरीपाशी. पोवाड्याच्या शेवटच्या चौकात (कडव्यांच्या गटात) नाममुद्रा असते: शाहिराचं नाव, गावाचं नाव, बहुधा गुरूचंही. तिथं दुसऱ्याचं नाव असेल तर प्रश्न मिटला. नाव आजोबांचं आहे पण मात्रा त्याच जागी अडखळते आहे, तर दुसऱ्याची मुद्रा काढून आपली घातल्याचा संशय घ्या. शाहिरी परंपरेत हे घडत आलंय, त्याला चोरी म्हणायची घाई करू नका, पण नोंद करा. आणखी एक खूण शुद्धलेखनाची. पानोपानी ‘करायलो, बोलायलाव’ लिहिणारा माणूस एका कवितेत अचानक पुस्तकी मराठी लिहू लागला तर ती कविता छापील मजकुरावरून आलेली असण्याची शक्यता फार. खोडलेले, बदललेले शब्द दिसले तर उलट: तिथं तो स्वतः रचत होता. खाडाखोडीचं पान म्हणूनच सगळ्यात मोलाचं, आणि नक्कल करताना लोक नेमकं तेच ‘साफ’ करून टाकतात.

नक्कल कशी करायची यावर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं.

ओळ जिथं तुटली तिथंच तोडा. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, जोडाक्षरं जशीच्या तशी. खोडलेला शब्द वाचता येत असेल तर तो लिहून त्यावर रेघ मारा, वर लिहिलेला शब्द कंसात. न लागलेल्या अक्षराला चौकटी कंस, आणि अंदाज असेल तर प्रश्नचिन्ह. शेजारच्या रकान्यात प्रमाण मराठी द्या, पण मूळ रकान्याला हात लावू नका. कारण फक्त निष्ठेचं नाही, मात्रांचंही आहे. ‘करायलो’ च्या मात्रा सहा: क एक, रा दोन, य एक, लो दोन. तुम्ही ‘करतो आहे’ केलंत की आठ झाल्या, ‘करतोय’ केलंत की पाच. ओळ लंगडते, आणि मग तुम्हीच प्रकरणात लिहिता की ‘कवीला वृत्ताची जाण नव्हती’. जाण होती, तुम्ही घालवली.

शब्दांचे सापळे वेगळे. पलटणीतली हिंदुस्थानी आणि आपली मराठी यांत सारखे दिसणारे पण भलतंच सांगणारे शब्द आहेत. ‘मोर्चा’ म्हणजे तहसीलवर जाणारा नव्हे, तो बंकर, मोर्चेबंदीची जागा. ‘संत्री’ रात्रभर उभा आहे असं वाचून नागपूर आठवू नका, तो पहारेकरी. ‘लंगर’ म्हणजे स्वयंपाकघर, हे नांदेडच्या वाचकाला समजावून सांगावं लागणार नाही, बाकीच्यांना सांगा. ‘कोत’ हत्यारखाना, ‘पिठ्ठू’ पाठीवरचं ओझं, ‘नफरी’ हजर माणसांची संख्या, ‘रंगरूट’ नवा भरती झालेला. ‘नफरी घटली’ अशी ओळ आली तर ती आकड्याची भाषा वाटते, पण तिचा अर्थ सोबती मेले असा आहे. त्या कोरड्या शब्दातच कविता आहे. अशा शब्दांची यादी करून एखाद्या निवृत्त सुभेदाराला किंवा हवालदाराला वाचून दाखवा. शब्दकोशापेक्षा तासाभरात जास्त काम होतं.

घाटाकडे वळू. पोवाडा सहसा आठ मात्रांच्या आवर्तनात, म्हणजे पद्मावर्तनात चालतो, डफाच्या ठोक्यावर. अभंगासारख्या रचनेची अक्षरं मोजा. सहा-सहा-सहा-चार भरली आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळलं तर तो देवद्वार छंद. आठ-आठ असेल तर छोटा अभंग. लिहिलेलं मोजून जुळत नसेल तर घरात कुणाला चाल आठवते का विचारा आणि म्हणवून घ्या. गाताना ‘गं’, ‘रं’, ‘जी’ भरून ओळ पुरी होते, आणि हे भरीचे शब्द वहीत बहुधा नसतात.

पोवाड्यात एक गोष्ट मात्र मुद्दाम शोधा: ‘मी’. आपला पोवाडा लढणाऱ्याचा नाही, पाहणाऱ्याचा आहे. अज्ञानदासाचा अफझलखान वधाचा पोवाडा घ्या, नाहीतर अकवर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये छापलेला पोवाड्यांचा संग्रह उघडा. लढतो सरदार, गातो शाहीर. शिपाई ‘हजार पडले’ या आकड्यात असतो. १७९५ ची खर्ड्याची लढाई आपल्या बीड-धाराशिवच्या उंबऱ्यावर झाली, तिच्यावरही शाहिरी रचना झाली, पण भालाईताचा स्वतःचा आवाज तिथं मिळणार नाही. अण्णाभाऊ साठ्यांचा स्टालिनग्राडचा पोवाडासुद्धा दूरवरून, शाहिराच्या जागेवरून रचलेला. तेव्हा खुद्द शिपाईच जेव्हा पोवाडा लिहितो तेव्हा तो स्वतःला तृतीय पुरुषात लपवतो, कारण घाटच तसा आहे. मेजरसाहेब, पलटण, भारतमाता सगळे येतात, तो येत नाही. चौक पहिल्यापासून वाचत जा आणि सर्वनामं मोजा. कुठंतरी एका ओळीत ‘त्यांनी’चं ‘आम्ही’ होतं, क्वचित ‘मी’ होतं. बहुतेक वेळा तिथं थंडी असते, पाणी संपलेलं असतं किंवा सोबत्याचं नाव असतं. मूळ अनुभवाची जागा तीच, आणि प्रकल्पाचं मुख्य प्रकरण त्या चार-सहा ओळींवर उभं राहू शकतं. अभंगात हे उलट. तिथं ‘मी’ला परंपरेनंच जागा दिली आहे, म्हणून जे पोवाड्यात बोलता आलं नाही ते आजोबांनी अभंगात बोललेलं असेल. दोन्ही रचना एकाच प्रसंगाच्या आहेत का ते ताडून बघा.

आता तुलना. मार्गदर्शक ‘इंग्रजी युद्धकवी’ म्हणतात तेव्हा बहुधा ओवेन-ससून अभिप्रेत असतात. ते दोघे अधिकारी होते. दोघांनाही मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळालं होतं. ससून पब्लिक स्कूल (तिकडची बड्या घरांची खासगी शाळा) आणि केंब्रिजमधून आलेला, ओवेन साध्या घरातला पण बराच वाचलेला. सातवीपर्यंत शिकलेल्या नाइकाला किंवा हवालदाराला त्यांच्या शेजारी बसवलंत तर तुलना हुद्द्याची होते, कवितेची होत नाही. आयझॅक रोझेनबर्ग घ्या. गरीब ज्यू घरातला, बुटका म्हणून आधी ठेंगण्यांच्या ‘बँटम’ बटालियनमध्ये घातलेला, शेवटपर्यंत साधा शिपाई. मिळेल त्या कागदावर पेन्सिलीनं लिहून घरी पाठवायचा आणि बहीण टंकलिखित करून ठेवायची. त्याची ‘ब्रेक ऑफ डे इन द ट्रेंचेस’ ही कविता १९१६ ची. पहाटे खंदकात हाताला उंदीर लागतो आणि त्या उंदराला दोन्ही बाजूंच्या सैन्यात मोकळी ये-जा आहे, एवढ्यावर सगळी कविता तोललेली. ना घोषणा, ना रड. १ एप्रिल १९१८ ला तो मारला गेला. आयव्हर गर्नी आणि डेव्हिड जोन्स हेही शिपाईच. अशांच्या शेजारी तुमची वही ठेवली की बरोबरीचा संवाद होतो.

आणि एक नाव आपल्या मुलखाशी जोडलेलं: अॅलन लुईस. वेल्सचा कवी, दुसऱ्या महायुद्धात त्याच्या पलटणीबरोबर महाराष्ट्रात आलेला. ‘द मराठा घाट्स’ ही त्याची कविता आहे. भेगाळलेली दरी, करपलेली जमीन, राबणारा शेतकरी, आणि शेवटी दोन प्रश्न: रस्त्याच्या माथ्यावर कोण चढतोय? भिकारी. तुटता तारा पाहून कोण रडलं? युद्धात हरवलेला, जमीन नसलेला शिपाई. मार्च १९४४ मध्ये ब्रह्मदेशातल्या आराकानच्या आघाडीवर तो वारला. दुष्काळी भागातल्या घरातून फौजेत गेलेल्या माणसाची वही हाती असताना या कवितेकडे दुर्लक्ष करणं परवडणारं नाही. परका शिपाई आपली जमीन बघतो आणि आपला शिपाई परक्या बर्फात बसून तीच जमीन आठवतो.

ओवेन घ्यायचाच असेल तर तंत्रासाठी घ्या. ‘स्ट्रेंज मीटिंग’ मध्ये तो पुरं यमक टाळतो. व्यंजनं तीच ठेवून स्वर बदलतो, त्यामुळे ओळ जुळता जुळता हुकते आणि कानाला सतत काहीतरी बिघडल्यासारखं वाटत राहतं. मराठीत ते करता येतं: धार-धूर, वार-वीर, पाट-पोट. भाषांतर करताना अशी जोडी सापडली तर घ्या, ओढून आणू नका. आणि त्याच्या ओळी पद्मावर्तनात बसवू नका. आठ मात्रांचा ठोका लागला की शोकाची कविता संचलन करू लागते. अक्षरछंद किंवा मुक्तछंद बरा, ओळीला चौदा ते सोळा अक्षरं पुरतात.

रसाच्या चौकटीतही लोक घसरतात. शिपायाची कविता म्हणजे वीररस हे गृहीत धरून उतारे निवडले जातात आणि उरलेली वही दिसतच नाही. ओवेननं आपल्या नियोजित पुस्तकाच्या प्रस्तावनेत, कविता आहे ती करुणेत, असं लिहून ठेवलंय. आपल्या भाषेत करुण, भयानक, बीभत्स हे तिन्ही तिथं आहेत. मात्र त्यावरून सगळे सैनिक-कवी युद्धविरोधी होते असा दुसरा साचाही करू नका. ससूननं १९१७ मध्ये युद्ध लांबवण्याविरुद्ध जाहीर निवेदन दिलं आणि पुन्हा आघाडीवर गेला. ओवेनही परत गेला. तुमच्या वहीत एका पानावर घोषणा आणि दुसऱ्या पानावर भीती असेल तर दोन्ही छापा.

‘आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात होते, त्यांचीही गाणी असतील’ असं घरात कुणी म्हणेल. शक्य आहे, पण जपून. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानात होता. मराठा पलटणींची मुख्य भरती कोकण, सातारा, पुणे, कोल्हापूर भागातली. औरंगाबाद, जालना, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, इथं छावण्या होत्या त्या हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चानं पोसलेल्या पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या. १९०३ मध्ये त्या पलटणी ब्रिटिश हिंदी सैन्यात मिसळल्या. पायदळाची परंपरा पुढे हैदराबाद रेजिमेंटमधून कुमाऊँ रेजिमेंटकडे गेली, तेव्हा कागद तिकडे शोधावे लागतात. घोडदळातली डेक्कन हॉर्स १४ जुलै १९१६ ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत हाय वूड या रानाजवळ भाले घेऊन चढली. सहाच दिवसांनी त्याच रानापाशी रॉबर्ट ग्रेव्हज हा कवी मरणप्राय जखमी झाला. ग्रेव्हजचं सगळं छापलेलं आहे. त्या स्वारांचं काही उरलं असेल तर ते सेन्सॉरनं इंग्रजीत उतरवून घेतलेल्या पत्रांच्या तुकड्यांत, कारण फ्रान्समधल्या हिंदी शिपायांची बहुतेक पत्रं आपल्याला आज त्याच रूपात मिळतात. बरीचशी दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली. सेन्सॉरला चुकवायला ते ‘काळी मिरी’ आणि ‘लाल मिरी’ असं लिहीत, काळी म्हणजे हिंदी शिपाई, लाल म्हणजे गोरे. पणजोबांच्या पिढीचा कागद मिळालाच तर तो मोडीत किंवा उर्दूत असू शकतो, निजामी शाळांची भाषा उर्दू होती. वाचता येत नाही म्हणून रद्दीत घालू नका.

आणि घरातल्या आजींना, आत्यांना विसरू नका. फौजेतल्या भावावर, मुलावर जात्यावरच्या ओव्या मराठवाड्यात गावोगाव गायल्या गेल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गोळा केलेल्या लाखावर ओव्यांच्या संग्रहात मराठवाड्यातल्या गायिका आहेत, तो उघडून बघा. घरात कुणी म्हणत असेल तर रेकॉर्ड करा, सुरुवातीला तारीख आणि गाव मोठ्यानं बोला, आणि मधे थांबवून अर्थ विचारू नका. ओवी तुटली की मागची चार विसरतात. वहीतल्या कवितेला घरातून गेलेलं उत्तर तिथं असेल.

परवानगीचं काम शेवटावर ढकलू नका. वहीचे हक्क वारसांचे. सगळ्या वारसांची लेखी संमती घ्या, एका काकाची पुरत नाही. ओवेन, रोझेनबर्ग, लुईस यांच्या कविता हक्कमुक्त आहेत. ससून १९६७ मध्ये वारला, त्यामुळे भारतात त्याच्या कवितांवर २०२७ अखेरपर्यंत हक्क आहे, त्याचे छोटे उतारेच द्या. आजोबांचा आर्मी नंबर, हयात सोबत्यांची नावं, कुणाच्या उधारीचा आकडा हे छापील प्रबंधात झाका.

वेळेचा अंदाज: फोटोंना एक दिवस, नकलेला रोज चार-पाच पानं धरून तीन आठवडे, ताळा करायला आणखी एक. ताळा करताना दुसऱ्या माणसानं मूळ फोटो बघायचा आणि तुम्ही नक्कल मोठ्यानं वाचायची, विरामचिन्हांसकट. रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर यायला महिने लागतात, म्हणून तो अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका.